निकालाच्या दिवशीचं रडणं

दि. १४ मे

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र लिहितेय, कारण फोन बाहेरच्या खोलीत आहे आणि बाबा सध्या त्याला चिकटूनच बसलेले असतात. त्यांचा पक्ष हरला हे तुला कळलंच असेल. देशभर हरला, आमच्या भागात तर पार धुव्वा उडाला. पण मी लिहितेय ते दुसऱ्याच निकालाबद्दल. त्याच दुपारी माझ्या परीक्षेचाही निकाल लागला. सरकारी खात्यातल्या कनिष्ठ अभियंत्याची परीक्षा, जिच्यासाठी मी दोन वर्षं स्वतःला घरात कोंडून घेतलं होतं. मी नापास झाले. तेही काठावर नाही, चांगली सपाटून आपटले. पाणीपुरवठ्याच्या पेपरात गेले, जो मला झोपेतही येतो असं मी सगळ्यांना सांगत फिरायचे.

घरी आले तर घरात कोणी नव्हतं. टीव्ही लावला आणि त्याच्यासमोर फरशीवर बसून हमसून हमसून रडले. पडद्यावर मतमोजणीचे आकडे धावत होते, पण माझं लक्ष कुठे होतं! तेवढ्यात बाबा मोजणीच्या केंद्रावरून परतले. आवाज पार बसलेला, छातीवर पक्षाचा बिल्ला तसाच. त्यांनी एकदा टीव्हीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि माझ्याशेजारी खाली बसून तेही रडायला लागले. म्हणाले, डोळे पूस, अशा हारी मी पुष्कळ पाहिल्यात. आत्या, त्यांना वाटलं मी पक्षासाठी रडतेय! तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही.

आता आपल्या रंगाच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते डबा ढवळता ढवळता माझं रडणं ऐकवतात. परवा सांगायच्या नादात एकाला पांढऱ्याऐवजी फिकट पिवळा मिसळून दिला. आई म्हणते, आधी त्यांना सावरू दे, तुझ्या निकालाचं मग बघू. पण काल आमच्या भागातले पक्षाचे अध्यक्ष घरी येऊन माझी पाठ थोपटून गेले. रविवारी चिंतन बैठक आहे, तिथे मी तरुणांच्या वतीने बोलायचंय म्हणे.

आणि खरी गोम पुढेच आहे. मी बाबांच्या पक्षाला मत दिलंच नव्हतं. त्यांच्या सरकारने ही परीक्षा तीनदा पुढे ढकलली, म्हणून मी रागाने समोरच्यांना दिलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. काय करू ते लवकर कळव.

लोभ आहे तसा ठेव, निदान उत्तर लिहून होईपर्यंत तरी.

तुझी,
साळुंकी

---

दि. १७ मे

चि. साळुंकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दवाखान्यात, दोन पेशंटच्या मधल्या वेळात वाचलं. आधी हसू आलं, मग आलं नाही. नापास झालीस याचं मला वाईट वाटलं, ते आधी लिहिते, कारण तुमच्या घरात अजून कोणी ते तुला म्हटलेलं दिसत नाही. दोन वर्षं तू खपलीस हे मी पाहिलंय. वाईट वाटायलाच हवं, त्याची लाज कसली?

आता तुझ्या बापाबद्दल. तो लहानपणी पत्त्यांत हरला तरी दोन दिवस कुणाशी धड बोलायचा नाही, इथे तर अख्खा देश हरलाय. अशा वेळी माणूस मिळेल तो आधार धरतो, त्याने तुझं रडणं धरलं. माझ्याकडे येणारे लोकसुद्धा दुखतो तो सोडून शेजारचाच दात दाखवतात, आणि अगदी शपथेवर दाखवतात. म्हणून मी त्यावर रागावत नाही, तपासते. तूही रागावू नकोस.

परीक्षेचं रविवारच्या आत सांगून टाक. दादा आरडाओरडा करेल, पाणी पिईल, गप्प बसेल. मताचं मात्र अजिबात बोलू नकोस. मत द्यायच्या जागी आडोसा करतात तो काय शोभेला? झाकली मूठ सव्वा लाखाची. खोटं बोल असं मी म्हणत नाही, फक्त विचारल्याशिवाय खरं बोलू नकोस. बैठकीला दाढ दुखतेय म्हणून घरी बस. माझं नाव सांग, अक्कलदाढ येतेय म्हण.

वहिनीला नमस्कार. माया आहेच, ती काही परीक्षेत पास होण्यावर ठरत नाही.

तुझी,
आत्या

---

दि. २२ मे

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं, आणि अर्धंच ऐकलं. मी काय करून बसलेय ते वाच.

शनिवारी संध्याकाळी दुकानात गेले. बाबा डब्यांची झाकणं ठोकून बसवत होते. मी एका दमात सांगितलं की मी नापास झाले आणि निकाल त्याच दिवशी लागला होता. ते ओरडले नाहीत गं. हातोडी खाली ठेवली, माझ्याकडे बघत राहिले, आणि त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, म्हणजे स्वतःवर एवढा प्रसंग असताना तू आमच्यासाठी रडलीस! मी नाही नाही म्हणेपर्यंत त्यांनी समोरच्या शिंप्याला हाक मारून तेही सांगितलं. आगीतून फुफाट्यात पडले.

अक्कलदाढेचं सुचलंच नाही, की सुचूनही तोंडातून निघालं नाही कोण जाणे. रविवारी गेले. शाळेचा एक वर्ग होता, छोट्या बाकांवर मोठी माणसं गुडघे वर करून बसली होती. बाबांनी उभं राहून सांगितलं की हिचा स्वतःचा निकाल लागला होता, पण हिने त्याचा शब्द काढला नाही, ही आपल्यासाठी रडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक म्हातारे गृहस्थ चष्मा काढून पुसू लागले. मग मला पुढे बोलावलं.

लिहून नेलेलं भाषण हातात होतं. ते वाचलं असतं तर सगळं निभावलं असतं. पण त्या म्हाताऱ्यांकडे बघून मला ते वाचवेना. मी म्हटलं की मी स्वतःसाठी रडत होते, आणि माझं मत तुमच्या पक्षाला नव्हतं, परीक्षा तीनदा पुढे गेली म्हणून. कोणीतरी खाकरलं. बाबा खाली बघत होते. घरी येताना ते पुढे चालत होते आणि मी मागे. तेव्हापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत. अध्यक्ष दुकानावरून जातात पण आत शिरत नाहीत. मी खरं बोलले, आत्या, पण चार भिंतींत बोलायचं ते चार लोकांत बोलले. माझ्यामुळे त्यांना खाली बघावं लागलं, हे डोक्यातून जात नाही. नापास झाल्याचंसुद्धा आता काही वाटेनासं झालंय.

रागावलीस तरी लिही. गप्प बसणारं एक माणूस घरात आहे, तेवढं पुरे.

तुझी,
साळुंकी

---

दि. २९ मे

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं कानउघाडणी करणारं पत्र मिळालं. वाटलं होतं, सख्खी बहीण आहे, भावाची बाजू घेशील. भाचीपुढे भाऊ कोण लागतो म्हणा.

मला राग आला होता, नाही म्हणत नाही. पण मताचा नाही. मत जिचं तिने द्यावं, हे मीच तिला शिकवलंय. परीक्षा पुढे ढकलल्या त्याबद्दल आम्ही बैठकीत कधी बोललोच नव्हतो, तेही खरं आहे. लोकांसमोर मान खाली गेली, त्याचंही चार दिवसांत ओसरलं. राग वेगळाच होता. त्या दिवशी मोजणीहून परतताना वाटेत एकानेही ओळख दाखवली नाही. दार उघडलं तर ही रडत बसलेली. मला वाटलं, चला, आपल्यासोबत कोणीतरी हरलंय. तेवढ्या जोरावर मी पुढचे दिवस काढले. तेच तिने काढून घेतलं असं वाटत राहिलं.

तू लिहिलंस की ती हरलीच होती, दादा, तुझ्याशेजारीच बसून हरली होती. ते वाचून दुकानात हात चालेना. निवडणुकीत मी दारोदार फिरतो, अनोळखी माणसाला विचारतो, बाबा रे, तुझी अडचण काय. आणि घरात मुलगी फरशीवर बसून रडत होती, तिला मी डोळे पूस म्हणालो. का रडतेस, हे विचारलं नाही.

काल विचारलं. ती पानं वाढत होती. थांबली, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली की आता रडू येत नाही, बाबा, जेवायला चला.

इकडे येऊन जा. तिला तुझी गरज आहे, आणि मलाही.

तुझा,
दादा