ओल्या मातीचा मुक्काम

॥ श्री ॥
कर्वेनगर, पुणे
ता. ९ एप्रिल १९८८

तीर्थरूप अक्कास,
धाकट्या हिंदुरावाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

मी बरा आहे, म्हणजे डॉक्टर तसं म्हणतो. झोप लागत नाही. पत्र वाचून तू काळजी करत बसू नकोस, ती मी इकडे करतोच आहे.

आपल्या बांधाला लागून मूर्तिकलेचं लहानसं कॉलेज आहे, ते बंद करायचं ठरलं. संस्थेने परवा फाटकावर नोटीस लावली. मुलं थोडी, खर्च भागत नाही, जूनपासून वर्ग नाहीत. जागेचं काय करणार ते नोटिशीत लिहिलेलं नाही. ते मला कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडून कळलं. एका बिल्डरला ती जागा आणि आपलं शेत मिळून हवं आहे, नुसतं शेत त्याला अरुंद पडतं. आणि आपला संपत त्याच्याबरोबर दोनदा तिथे चहा पिऊन गेला. पोटचा मुलगा, आणि मला सांगणार चहावाला.

आता त्याच संपतची मुलगी मैना त्याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला. या वर्षाच्या सहा मुलांनी मातीची मूर्ती घडवायची, तिचा साचा काढून प्लास्टरमध्ये ओतायची आणि दोन मेपर्यंत सरकारच्या कला खात्याच्या कचेरीत नेऊन द्यायची, असा नियम आहे. मूर्ती पोचली नाही तर मैनाला डिप्लोमा नाही. एकाही मुलाची पोचली नाही तर कॉलेजची मान्यताच जाते, मग संस्थेला कुणाशी भांडायचंही कारण उरत नाही. म्हणून त्यांनी नळ तोडला. ओल्या मातीवर ओली फडकी नसली तर या उन्हात ती दोन दिवसांत तडकते, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे.

कॉलेजचे मुख्य श्रीनिवास सर, सदाशिव पेठेतले, बोलायला कसे ते तुला माहीतच आहे. संस्थेचे सेक्रेटरी त्यांना म्हणाले की सगळी मिळून अकरा मुलं, याला कॉलेज म्हणत नाहीत. त्यावर सर म्हणाले की आपलं मंडळ नऊ जणांचं, त्यातले तीन बैठकीत झोपतात, तरी आम्ही त्याला मंडळ म्हणतोच.

मुलं आपल्या विहिरीचं पाणी मागायला आली. मी हो म्हणालो आणि मग भ्यालो. विहीर माझ्या नावावर आहे, पण मोटारीचं बटण संपतच्या खोलीत. जेवताना तो म्हणाला की मातीच्या बाहुल्यांपायी दारात आलेला सौदा घालवू नका. सूनबाईने भाकरी जरा जोरात आपटली, पण कुणाच्या बाजूने ते कळलं नाही.

काय करू ते कळव. दिवाळीत तू आठवडाभर पाय दुमडून जिच्यासाठी बसलीस, ती तुझी मूर्तीच मैना परीक्षेला देणार आहे. ती तडकली तर मला तुला तोंड दाखवता येणार नाही.

मुलांबाळांस आशीर्वाद. वडीलपणाची माया आहे तशीच राहू दे, एवढं मागणं.
तुझा, हिंदुराव

॥ श्री ॥
लोणी काळभोर
ता. १४ एप्रिल १९८८

चि. हिंदुरावास,
तुळजाबाईचे अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तू जन्मलास तेव्हा सुईण म्हणाली होती की पोर रडत नाही, नुसतं कपाळाला आठ्या घालतंय. त्या आठ्या अजून तशाच आहेत.

इकडे गुऱ्हाळ आटोपलं. माझे गुडघे दुखतात, ते तुझ्या नातीमुळे. आठवडाभर हलू दिलं नाही पोरीने. नाकावर माशी बसली तरी म्हणायची, आत्याआजी, उडवू नका, मी उडवते. त्यात ती नाक लांब काढत होती. मी तिला सांगितलं होतं की नाक आपल्या घराण्याचं आहे, कमी केलंस तरी चालेल. ऐकलं की नाही ते कळव.

काय करू म्हणून विचारतोस. पाणी दे. मागायला आलेल्याला आपल्या विहिरीवरून कोणी कोरडं पाठवलेलं नाही, आणि त्यातून आपलीच पोरगी. त्या कॉलेजात माती जाते तीही आपल्याच ओढ्याकाठची. आपली माती, आपलं पाणी, आपलं नाक. संस्थेचं त्यात आहे काय, एक कुलूप.

संपतला म्हणावं, सौदा चांगला असेल तर तो बापाला चहावाल्याआधी सांगता आला असता. एवढं एकच म्हण आणि गप्प बस. तू जास्त बोलायला लागलास की शेवटी तूच माफी मागतोस.

रक्तदाबाची गोळी वेळेवर घे. तुझ्यावर जीव आहे म्हणून बोलते, तेवढं धरून बाकीचं सोड.
तुझी, अक्का

॥ श्री ॥
कर्वेनगर, पुणे
ता. २२ एप्रिल १९८८

तीर्थरूप अक्कास,
सा. न. वि. वि.

हे पत्र लिहायला मला तीन कागद लागले. माझ्या हातून मोठा घोटाळा झाला आहे.

तू सांगितलंस तसं संपतला ते एक वाक्य म्हटलं. तो उठून गेला, पण मोटार बंद केली नाही. पाणी सुरू झालं. मंगळवारी मुलं आणि सर मंडईजवळ कॉलेज वाचवायच्या निवेदनावर सह्या घ्यायला गेले. (एका गृहस्थांनी निवेदन उभ्या उभ्या पूर्ण वाचलं, त्यातल्या दोन चुका सुधारल्या आणि सही न करता परत दिलं. तरी सह्या पुष्कळ झाल्या.) जाताना मैनाने मला कॉलेजच्या हॉलमध्ये बसवलं आणि सांगितलं की आजोबा, काही वाळू देऊ नका.

मी सगळ्या मूर्तींची फडकी भिजवली. कोपऱ्यात पोत्यांची थप्पी होती. पत्रा वरून तापलेला, पोती कोरडी ठणठणीत. मला वाटलं हीही त्यांची मातीच, ठेवणीतली. म्हणून तीही भिजवली. थोड्या वेळाने सहज हात लावला तर पोतं गरम. अक्का, माझ्या जागी तुला काय वाटलं असतं? ओला कडबा रचला की गंजी आतून तापते आणि एक दिवस पेटते, हे आपण लहानपणी पाहिलं आहे. मी घाबरून आणखी पाणी ओतलं. पोती आणखी तापली. मी आणखी ओतलं. बादल्या वाहून माझी छाती भरून आली, पण आग काही लागू दिली नाही.

ते प्लास्टर होतं. पाणी लागलं की ते तापतं आणि दगड होतं, हे आता मला लहान मूलही सांगतं. वर्षाचा सगळा साठा एका दुपारी घट्ट झाला. संस्थेच्या सहीवाचून व्यापारी नवीन पोतं द्यायला तयार नाही. दिलं तरी साचे काढून, ओतून, सुकवून दोन तारखेपर्यंत व्हायचं नाही. संस्थेला जे नळ तोडून जमलं नाही ते मी पाणी घालून केलं.

सरांनी काठीने पोतं वाजवून पाहिलं आणि म्हणाले की संस्थेला इमारत बांधायचीच आहे, पाया हिंदुरावांनी भरून दिला. मैना मागच्या दाराशी जाऊन रडली. परत आली तेव्हा डोळे पुसलेले होते. ती म्हणाली की प्लास्टर नाही तर नाही, आपण माती घेऊन जाऊ. आहे तशी, ओली. कचेरीला काय बघायचं ते बघू दे.

मी तर नकोच म्हणालो. आत लोखंडाचा सांगाडा, वर दोन-तीन मण ओली माती, आणि पुण्याचे रस्ते. एका खड्ड्यात तुझं डोकं खाली येईल. पण पोरं ऐकत नाहीत. संपतकडे ट्रॅक्टर मागितला तर तो म्हणाला की ट्रॅक्टर शेतासाठी आहे, आणि शेत तुम्ही विकू देत नाही. तुझ्या गेनबाला ट्रॉली घेऊन पाठवता येईल का? नाही म्हणालीस तरी मी समजून घेईन. बहुतेक तेच बरं.

चुकलेल्या भावावरची नजर फिरवू नकोस, ही विनंती.
तुझा, हिंदुराव

॥ श्री ॥
लोणी काळभोर
ता. २६ एप्रिल १९८८

चि. हिंदुरावास,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र वाचून मी इतकी हसले की सुना धावत आल्या. कडब्याची गंजी. मीही ओतलंच असतं पाणी, तुझ्यापेक्षा दोन बादल्या जास्त.

माझा मुलगा गेनबा रविवारी ट्रॉली घेऊन निघेल. तळाला गुडघाभर उसाचं पाचट भरायला सांगितलं आहे, धक्का बसणार नाही. अंडी नेतात तशी न्या. गेनबाला जोरात चालवायची सवय आहे, म्हणून मैनाला पुढे बसव, तिला तो भितो.

आणि हे बघ. कचेरीत गेलात की कोणी ना कोणी नियम सांगेल. तू लगेच बरं साहेब म्हणून मूर्ती परत भरायला लागशील, मी तुला ओळखते. ते करू नकोस. मी गुडघे मोडून बसले ती कोरडी होऊन फुटायला नाही. पोरीचं चार वर्षांचं काम आहे. जिथे उतरवाल तिथे ठेवा आणि शेजारी बसा. तुला बसायला तर येतं.

इकडून सगळ्यांचा जीव तुमच्याकडे लागला आहे. आशीर्वाद आहेच, तो बरोबर न्या.
तुझी, अक्का

॥ श्री ॥
मुक्काम कचेरीचा वऱ्हांडा, पुणे कॅम्प
ता. ५ मे १९८८

तीर्थरूप अक्कास,
वऱ्हांड्यातूनच सा. न. वि. वि.

पत्ता वाचून दचकू नकोस, सगळी धडधाकट आहोत. तुझं डोकंही जागेवर आहे.

सोमवारी सकाळी सहा मूर्ती पाचटात बसवून निघालो. मैना पुढे बसलीच नाही, मागे तुझ्या मूर्तीची मान धरून उभी राहिली. बाकीची पोरं डब्यांनी पाणी शिंपडत चालत होती. कर्वे रोडला लोक विचारू लागले की मे महिन्यात कुणाचे गणपती. लकडी पुलाशी पोलिसाने अडवलं आणि मिरवणुकीची परवानगी विचारली. सर म्हणाले की ही मिरवणूक नव्हे, मुलांनी गृहपाठ केला आहे, तो तपासायला नेतो आहोत. पोलिसाने एक फडकं वर करून पाहिलं, समोर तू. त्याने फडकं नीट खाली केलं आणि पुढची वाहनं थांबवली.

कचेरीतल्या कारकुनाने नियम सांगितला. मूर्ती प्लास्टरचीच हवी, माती जमा होत नाही. माझ्या तोंडातून बरं साहेब आलंच होतं. तेवढ्यात तुझं पत्र आठवलं आणि मी खाली बसलो. सर म्हणाले की जमा करू नका, पण तारीख दोन आहे आणि आम्ही आलो आहोत, एवढं लिहून द्या. कोणी लिहून देईना. मग पोरांनी सहाही मूर्ती वऱ्हांड्यात उतरवल्या. कचेरीच्या मोठ्या साहेबाने शिपायांना सांगितलं की हे बाहेर काढा. शिपायांनी वजन पाहिलं, गळणारं पाणी पाहिलं. त्यातला एक म्हणाला की ही बाई थेट माझ्या आईसारखी बघते, मी हात लावणार नाही. तेव्हापासून सगळी कचेरी तुला वळसा घालून आत जाते.

मंगळवारी त्यांनी अंगणातल्या नळाला कुलूप घातलं. आता गेनबा रोज सकाळी आपल्या विहिरीचं पाणी डब्यांत भरून आणतो. म्हणजे संपतच्या खोलीतलं बटण अजून चालू आहे. काल दुपारी संपत आला. मला ओलांडून थेट तुझ्यासमोर उभा राहिला, मग मैनाला म्हणाला की आत्याचा खांदा उघडा पडला आहे, फडकं वर घे. तिने घेतलं. तो गेला. बिल्डरला काय सांगितलं ते मला माहीत नाही, चहावाल्याला विचारायचं आहे.

आज मुंबईचे परीक्षक आले. पांढऱ्या केसांचे, कमी बोलणारे. कारकून त्यांना नियम दाखवत होता तोवर ते फरशीवर बसलेही होते. प्रत्येक फडकं स्वतःच्या हाताने सोडलं. म्हणाले की प्लास्टर पुढे केव्हाही होईल, हात मातीतच कळतो. सहाही जणांचे गुण तिथेच लिहून सही केली. मैना पास झाली, आणि चांगली झाली. नाकाबद्दल तिला वेगळं शाबास मिळालं, तेव्हा आता तू काही बोलू नकोस.

मान्यता जायची ती वाचली. पण कॉलेज बंद करायला परवानगी मागणारा संस्थेचा अर्ज आत टेबलावर तसाच आहे. तो फेटाळल्याशिवाय पोरं हलायला तयार नाहीत. मघाशी साहेब स्वतः माझ्यासाठी चहा घेऊन आला. पोरांपेक्षा म्हातारा समजूतदार असेल असं त्याला वाटलं असावं. गोड बोलून म्हणाला की परीक्षा झाली, आता हे केव्हा हलवता. मी तलाठ्यासमोरही उभा राहताना भितो, तुला माहीत आहे. मी सांगितलं की साहेब, ओली माती उचलली तर मोडते, वाळली की लगेच उचलतो. त्याला बरं वाटलं. म्हणाला की या उन्हात दोन दिवस पुष्कळ झाले.

तो वळून आत जाईपर्यंत मी चहा संपवला. मग डबा उचलला आणि तुझ्या डोक्यावरून भरपूर पाणी घातलं.

इकडची फिकीर नको. वडीलपणाचा हात असाच पाठीवर असू दे.
तुझा, हिंदुराव