नाव न घेतलेली मूठ

आत्याबाई,

या घरात सून म्हणून आले तेव्हापासून तुम्हाला हीच हाक मारत आले, ती सुटत नाही. आता माझी सून मला आत्याबाई म्हणते, आणि तिनं हाक मारली की मी अजूनही आधी मागं वळून बघते, तुम्ही कुठं उभ्या आहात का म्हणून. तुम्हाला जाऊन किती काळ लोटला. तेव्हा आपल्या लालबागेत गिरण्यांच्या चिमण्या मोजून सांगता यायच्या, आता मान वर केली की त्याच दिसतात.

तुमचे गुडघे कसे आहेत? तिथं जिने नसावेत. आमच्या चाळीचा जिना चढताना तुम्ही ज्या शिव्या द्यायचात त्या देवानं ऐकल्या असतील तर तुम्हाला नक्की सपाट जागा दिली असेल. मामंजींचा दमा निवला का? त्यांना चुलीच्या धुराकडं बसू देऊ नका, ते ऐकायचे नाहीत, पण सांगत राहा. तुमचे चिरंजीव, माझे धनी, त्यांचं पोट आता बरं आहे का? त्यांना हरभऱ्याची डाळ सोसत नाही आणि वाढली तर नाही म्हणवत नाही. आणि माझा मुलगा. तुम्ही गेलात तेव्हा तो रांगत होता, म्हणून विचारते, ओळख पटली का? उंच झाला आहे. कपाळावर पाळण्याच्या कडीची खूण आहे, ती पडली तेव्हा तुम्ही माझ्यावर दिवसभर डाफरला होतात. त्याचा ताप उतरला का? काखेतली गाठ बसली का? इथून नेला तेव्हा त्याच्या पोटात घोटभर पाण्यापलीकडं काही नव्हतं. त्याला काही खायला घातलंत का?

इकडचं विचाराल तर आम्ही दोघीच उरलो आहोत. मी आणि सून, आणि तिच्या पोटात आहे ते. यंदा गाठीच्या तापानं मुंबईचं पाणी पळालं. आधी उंदीर मेले, मग माणसं. लोक बोटीनं कोकणात गेले, आमच्या मजल्यावरच्या निम्म्या खोल्यांना कुलपं आहेत आणि भिंतींना चुन्याचा वास आहे. आम्हीही गेलो असतो, पण गावाहून निरोप आला, मुंबईचं माणूस वेशीच्या आत घेत नाहीत. मुलाला गाडीत घालून इस्पितळात नेलं आणि तिथून तो परत आला नाही. मला त्याला मूठमाती देता आली नाही, आत्याबाई. तो कुठं ठेवला आहे ते मला ठाऊक नाही.

पण आज हे सांगायला बसले नाही. मला तुम्हाला जेवणाचं विचारायचं आहे.

तुम्हाला आठवत असेल, मी नवी आले तेव्हा तांदूळ मापट्यानं घ्यायला गेले आणि तुम्ही माझ्या हातातून मापटं काढून घेतलंत. "मुठीन घे गो. मापट्याक माणसा ठावक नसतत," म्हणालात. मग डब्यात हात घालून एकेक मूठ काढायची आणि प्रत्येक मुठीला माणूस सांगायचं. ही मामंजींची, ही थोरल्याची, ही धाकट्या वन्सांची, ही माझी. सगळ्यांच्या झाल्या की एक वरची, दारात कोणी आलं तर. मला हसू यायचं. पण तुमच्या राज्यात कोणी कमी जेवलं तर तुम्हाला लगेच कळायचं, कारण कोणाची मूठ उरली ते तुम्ही बोट ठेवून सांगायचात. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी भात आणि त्यासोबत काही हिरवं, काही आंबट, मिळाला तर कोळणीकडचा ताजा मासा. रात्री भाकरी आणि कुळथाची पिठी. बाहेरचं तळलेलं घरात आणलेलं तुम्हाला खपायचं नाही. मामंजी एकदा भज्यांचा पुडा घेऊन आले तर तुम्ही तो जिन्यातच बसून खायला लावलात, आणि मी तो कागद वाचायला मागितला तर म्हणालात, "तेलाचो कागद वाचून शाणी होतलीस काय?" शाणी झाले की नाही ठाऊक नाही, पण तसले कागद वाचत वाचतच अक्षर ओळखू लागले, आणि म्हणून आज तुम्हाला लिहिते आहे.

मुलगा गेल्यावर सुतक फिटलं आणि मी पहिल्यांदा चूल पेटवली. हाताला सवय. मूठ घातली, ही त्याची, ही सुनेची, ही माझी. तांदूळ उकळायला लागले तेव्हा माझ्या ध्यानात आलं. उकळत्या पाण्यातून एक मूठ कशी काढणार? भात झाला, आम्ही दोघी जेवलो आणि त्याच्या वाटणीचा भांड्यात तसाच राहिला. मी तो टाकायला उचलला तर सून म्हणाली, "राहू दे, आत्याबाई. त्यांचा आहे." तिनं त्यात पाणी घालून तो ठेवला. दुसऱ्या दिवशी पाणी बदललं, तिसऱ्या दिवशीही. खोलीत वास सुटला तरी ती पाणी बदलत राहिली. शेवटी ती नळावर गेली असताना मी तो नेऊन ओतला. परत आल्यावर तिनं रिकामं भांडं बघितलं, घासलं आणि पालथं घातलं.

पुढच्या वेळी मी जपून दोनच मुठी घातल्या. आत्याबाई, दोन मुठींचा तांदूळ एवढ्या मोठ्या भांड्यात वाजतो. खडे हलवल्यासारखा. तो आवाज मला ऐकवेना. तांदूळ परत डब्यात टाकला आणि त्यानंतर आमच्या घरात भात शिजेनासा झाला.

मी गिरणीत रिळं भरायला जाते. येताना नाक्यावरून शेव आणायची, भजी आणायची, आणि गाठ्या. सून त्यांना गाठ्या म्हणत नसे. "ते पिवळं आणलंत का?" असं विचारायची. त्यासोबत गुळाचा काळा चहा. तुम्ही हे पेय बघितलंही नसेल, गिरणीवाल्यांत आता फार झालं आहे. प्यालं की भूक मरते. आम्हाला तेच हवं होतं. हिरवं पान घरात आलं नाही, मासा आला नाही, ताकाचा थेंब नाही. कोळीण दाराशी टोपली उतरवायची आणि मी आतूनच नको म्हणायची. माझ्या तोंडात फोड आले. सुनेचे पाय सुजले. मी म्हटलं, एक घास भाकरी खा, तर म्हणे, "मला आता एकदाच जेवायचं ना, आत्याबाई? माझ्यासारखीला दोनदा कुठलं?" विधवेनं एकदा जेवावं हे तिला शेजारणीनं सांगितलं होतं. ते एकदाही ती शेवेच्या मुठीवर भागवायची. आणि मी तिला दटावलं नाही. दटावलं असतं तर मला चूल पेटवावी लागली असती.

एके दिवशी ती नळावर चक्कर येऊन पडली. शेजारच्या चाळीतली सुईण आली. घाटावरची बाई, बोलायला रोखठोक. तिनं सुनेच्या पायावर अंगठा दाबला आणि मला दाखवला, पिठात पडावा तसा खड्डा पडला होता.

"काय खाती ही?"

सुईणीनं कोपऱ्यातला तेलकट कागदांचा ढीग बघितला.

"असं हाय व्हय. म्हातारे, तू मेलीस तर मेलीस, तुजं वय झालंय. पर त्या पोटातल्यानं काय केलंय? त्येनं कुणाचं सुतक धरायचं?"

"आमच्या घरात दुःख आहे, बाई."

"दुःख समद्या चाळीत हाय. आज मी तीन घरं करून आले, एका घरात रडायलाबी मानूस न्हाई. पेज घाल पोरीला. आन् माज्यासमोर घाल, तुज्यावर माजा इस्वास न्हाई."

म्हणून त्या दिवशी भांडं सुलटं झालं. डबा पुढ्यात घेतला, हात घातला आणि परत तेच. एक सुनेची, एक माझी. तांदूळ वाजला. मी तिसरी मूठ भरली आणि माझ्या तोंडून निघालं, "आणि ही पोटातल्याची."

सून भिंतीला टेकून पडली होती, ती ताडकन उठून बसली. "आत्याबाई, नको. असं म्हणू नका."

तिचं बरोबर होतं. हा नियम तुमचाच, मीच तिला सांगितलेला. "जल्मल्याबिगर मूठ घालूची नाय. पोटातल्याक नाव नसता." का ते तुम्ही मला एकदाच सांगितलंत, शेवटच्या दुखण्यात. तुम्ही पहिलटकरीण असताना हौसेनं अशी मूठ घातली होती, आणि ते मूल जन्मलं ते रडलंच नाही. त्यानंतर तुम्ही या घरात कधी कोणाला ती घालू दिली नाहीत. माझ्या मुठीतले तांदूळ तसेच राहिले. भांड्यात टाकावे तर भीती, परत डब्यात ठेवावे तर त्याहून मोठी भीती. त्याचा घास काढून घेतला असं व्हायचं.

सुईण म्हणाली, "आता काय झालं?"

मी सगळं सांगितलं. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. तिच्याकडंही असले नियम असतील. मग सूनच सरकत सरकत आली. माझी मूठ तिनं धरली आणि डब्यात उघडली. स्वतःचा हात घातला. तिचा हात लहान आहे, त्यातून वाळलेला, चार दाणे इकडं तिकडं सांडले. ती मूठ तिनं भांड्यात सोडली.

"ही कुणाची?" सुईणीनं विचारलं.

"सांगणार नाही," ती म्हणाली.

तेवढंच. तांदळावर पाणी घातलं. पेज झाली. पहिला घोट तिला उलटून पडला, दुसरा राहिला. सुईण मीठ कमी आहे म्हणून मला बोलून गेली.

तेव्हापासून आमच्याकडं चूल पेटते. माझ्या दोन मुठी आणि तिची एक, तिची ती न सांगता घालते. सकाळी पेज, मग नाचणीची आंबील, लाल माठ, मेथी. कोळणीला मी स्वतः हाक मारली तर ती म्हणाली, "आलीस गं बाय माणसांत." तिनं मांदेली दिली, नीट करून दिली. सुनेनं ती हातात घेतली आणि ठेवून दिली, विधवेनं मासा खावा का म्हणून. मी म्हटलं, खा. शेजारीण दारातून बघत होती, मी दार लोटून घेतलं. सगळं सरळ चाललं आहे असं समजू नका. मुलाच्या दुसऱ्या महिन्याच्या दिवशी सून बाहेर गेली आणि पुडा आणून नळाशी उभ्या उभ्या सगळा खाल्ला. दुसऱ्या दिवशी पेज केली. पायांची सूज उतरते आणि परत येते. सुईण पोटाला हात लावते तेव्हा फार वेळ लावते, आणि पूर्वी बडबडायची तशी बडबडत नाही. मी विचारलं तर म्हणाली, "हलतंय. पर आळशी हाय." दिवस भरत आले आहेत.

माझी ती मूठ घातली गेली की नाही, हे मी रात्रंदिवस मनात घोळवते. सुनेनं माझा हात डब्यात उघडला, म्हणजे ती मूठ घातली गेली नाही. पण मी बोलले होते. बोललेलं धरतात का? तुम्ही तुमच्या वेळी बोलून घातली होती की मुकाट्यानं? हे विचारायचं राहून गेलं, आणि आता याहून मोठा प्रश्न मला दुसरा नाही.

आणि एक सांगते, हे सुनेला सांगता येत नाही. तिनं खावं म्हणून मी चूल पेटवली असं चाळीत सगळ्या म्हणतात, मीही म्हणू देते. पण काल माठाच्या भाजीला लसणाची फोडणी बसली आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मला भूक लागते, आत्याबाई. मुलगा गेला, कुठं आहे ते ठाऊक नाही, आणि मला दोन्ही वेळेला कडकडून भूक लागते. मी जेवते, आणि चव लागते. तुम्ही चार लेकरं स्मशानात पोचवलीत. तुम्हालाही अशी लागायची का? लागली की तुम्ही काय करायचात?

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते मला कळत नाही. तरी उत्तर लवकर लिहा. बाळंतपणाच्या आधी मिळालं तर बरं.