स्वयंपाकघरातला विरोधी पक्ष

अहो,

तुम्हाला कधी काही लिहीन असं वाटलं नव्हतं. तुम्ही होता तेव्हाही आपल्यात पत्रं फारशी झाली नाहीत. जे काय बोलणं व्हायचं ते स्टोव्हपाशी, भाकरी होता होता. साताऱ्यातल्या त्या भाड्याच्या दोन खोल्या मला अजून जशाच्या तशा दिसतात. तुम्ही कॉलेजातून येता, हातपाय धुता, पाट ओढून भिंतीला टेकता आणि म्हणता, "हं, आज तू विरोधक." मग उद्याचा तुमचा तास असो, नाहीतर कुठल्या गावातलं व्याख्यान, त्याच्या उलट बाजूनं मी बोलायचं. पहिल्यांदा तुम्ही मला देव नाही असं म्हणायला सांगितलंत. मी म्हटलं, "आवं, सकाळीच पूजा केलीया मी. आता कसं म्हणू?" तुम्ही इतके हसलात की शेजारच्या बाई डोकावल्या. म्हणालात, "पूजा करणारीनंच म्हणावं. कुठं कुठं शंका येते ते तुलाच ठाऊक."

मी चौथी शिकलेली. तुमच्या कपाटातली पुस्तकं मी जाडी बघून काढायची, सगळ्यात पातळ आधी. एखादा शब्द अडला आणि विचारला की तुम्ही अर्थ सांगायचा नाहीत, "ते पान परत वाच" एवढंच म्हणायचात. तेव्हा राग यायचा. पण पूर्वपक्ष हा शब्द मी तसाच वाचत वाचत एकटीनं शोधून काढला. समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षाही नीट मांडायचं, आणि मगच आपलं उत्तर द्यायचं. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "म्हणजे तू रोज जे करतेस ते." त्या दिवशी माझ्या भाकऱ्या चांगल्या फुगल्या होत्या. असलं काहीतरी लक्षात राहतं बघा.

कॉलेजातली नोकरी सोडलीत त्या दिवशी तुम्ही मला चष्मा करून आणलात. पुस्तक मी लांब धरून वाचते हे तुम्ही कधी पाहिलंत, मला कळलंच नव्हतं. आपल्या भागाचा म्हणून एक पक्ष नवा निघाला होता, मुंबईच्या तोंडाकडं न बघणारा, आणि त्यांना कवठे महांकाळकडच्या कोरड्या गावांत बोलणारा माणूस हवा होता. ती गावं तुमची. वरच्या धरणातून सोडलेलं नदीचं पाणी खाली उचलून त्या माळावर न्यायचं, एवढा एकच विषय. आपण साताऱ्याचं बिऱ्हाड मोडून तुमच्या गावी आलो. पाट चुलीपुढं आला, बाकी सगळं तेच. "हं, आज तू विरोधक."

या खेपेला मात्र मला काही जुळवावं लागलं नाही. माझं माहेर कोरेगावकडचं, नदीच्या वरच्या अंगाचं, कालव्याकाठचं. मी आमच्या वडिलांचंच बोलले. रानाच्या मधून कालवा गेला, रानाचे दोन तुकडे झाले. पलीकडच्या तुकड्यात जायचं तर पूल एवढा लांब की बैल नेईस्तोवर ऊन चढायचं. वडील काठावर उभे राहून आपलंच रान परक्याचं असल्यासारखं बघत राहायचे. म्हणायचे, "रान आमचं कापलं, पानी आमच्या दारावरनं जातंय, आन आमी पाळीची वाट बघतोय. आता म्हणत्यात खाली सोडायचं, वरच्यांनी दम धरा. अजून किती धरू रं?" मी बोलले, तुम्ही मान खाली घालून ऐकत होता. "अजून?" म्हणालात. मी आणखी बोलले.

ते सगळं तुम्ही सभेत बोलाल हे मला माहीत नव्हतं. गावच्या देवळापुढं सभा. मी बायकांत बसलेली. तुम्ही उभे राहता, वर्गात राहायचा तसेच, एक हात पाठीमागं. "आधी वरच्या लोकांचं म्हणणं नीट ऐकू," म्हणता आणि बोलायला लागता. माझ्या वडिलांचं वाक्य न वाक्य. पूल, बैल, काठावरचं उभं राहणं. इतकं चांगलं बोलता की माझ्या शेजारची पदर डोळ्याला लावते. मलाही रडू येतं. मग मागून एकजण उठतो, "सर, तुमी नक्की कुणाकडनं उभं हाय?" हशा पिकतो. दुसरा ओरडतो, "सासुरवाडीचं गाणं लावलंय रं सरांनी!" त्यावर तर सगळी सभा हसते. मीसुद्धा हसते, काय करणार. तुम्ही म्हणत राहता, "थांबा, आता उत्तर ऐका," पण माणसं उठायला लागलेली असतात. उत्तर तुम्ही चांगलं दिलंत. सतरंज्या गोळा करणाऱ्या पोरांना दिलंत. विरोधकांनी तुमचा पहिला अर्धा भाग गावोगाव सांगितला, आणि निवडणुकीत आपण पडलो. सडकून पडलो.

पडल्याचं दुःख मला झालं नाही, खरं सांगते. माणूस माझा होता तोच होता. दुःख पुढं सुरू झालं. त्यानंतर तुम्ही पाटावर बसला नाहीत. बैठका बाहेरच्या सोप्यात व्हायला लागल्या, खुर्च्या आल्या, चहा आत सांगितला जायचा आणि मी तो बाहेर न्यायचा. एकदा ट्रे ठेवता ठेवता मी कशात तरी तोंड घातलं, तर तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "तू आत जा." आवाज चढवून नाही, पण तसं तुम्ही मला कधी बोलला नव्हता. पुढच्या निवडणुकीत तुम्ही एकच बाजू बोललात आणि निवडून आलात. मग दुसऱ्यांदाही आलात, काही दिवस लाल दिव्याची गाडी दारात उभी राहिली. एका सभेत तुमच्या मागून कुणीतरी वरच्या लोकांना पाणीचोर म्हणालं. तुम्ही त्याला थांबवलं नाहीत. त्या वर्षी माझा भाऊ भाऊबीजेला आला नाही. तुम्ही विचारलंही नाहीत, का आला नाही म्हणून. पक्ष फुटला, तुम्ही इकडून तिकडं गेलात, परत आलात, माझ्या वाचनात ते वर्तमानपत्रातून यायचं. त्याच चष्म्यानं वाचायची मी. काडी तुटली होती, दोरा बांधून वाचायची.

शेवटच्या आजारात, सगळे पांगल्यावर, एका दुपारी तुम्ही म्हणालात, "बोल, विरोधकाचं बोल." मला आधी कळेना. "माझ्या विरोधातलं," म्हणालात, "चांगलं मांड." मी पलंगाशी बसून मांडलं. म्हटलं, "तुमी सर व्हता तवा समोरच्याचं ऐकत व्हता. आमदार झाला आन टाळ्या ऐकाय लागला. घरातल्या माणसाचं पण ऐकायचं सोडलं." तुम्ही डोळे मिटून होता. "अजून?" मी पाणीचोराचं बोलले, भावाचं बोलले. "मुद्दे बरोबर आहेत," म्हणालात. मी म्हटलं, "मग उत्तर द्या की." तुम्ही म्हणालात, "या खेपेला नाही." आणि प्यायला पाणी मागितलंत.

तुमच्याकडं उत्तरच नाही, असं समजून मी इतकी वर्षं काढली.

परवा तुमच्या जीपवर असायचा तो आष्ट्याचा कार्यकर्ता आला होता, नातीच्या लग्नाचं बोलावणं घेऊन. आता काठी टेकत चालतो, पण तोंड तसंच चालतंय. चहा पिता पिता म्हणाला, "वयनी, एक सांगू का? सरांनी बोलू नको म्हटल्यालं. पर आता सर बी न्हाईत आन माझं बी काय खरं न्हाई."

मी म्हटलं, "सांगा की. आता कोण रागवणार हाय?"

पहिल्यांदा पडल्यावर सांगलीत पक्षाची बैठक झाली, तेव्हाचं त्यानं सांगितलं. थोरले पुढारी तुम्हाला म्हणाले, "सर, सभेत शिकवू नगा. आन ही भाषणं येत्यात कुठनं? घरातनं का? वयनी तिकडच्या हायत, पुढच्या खेपेला त्यांच्या नावानं आरोळ्या ठोकतील लोकं." तुम्ही म्हणालात, "भाषण माझं आहे. चूक माझी."  परत येताना गाव दिसायला लागल्यावर जीप थांबवायला सांगितलीत. "आन म्हणलं," तो सांगत होता, "'तिच्या बापाचं दुःख मी चव्हाट्यावर मांडलं, आणि लोक हसले. तिच्यासमोर हसले. तिलाही हसावं लागलं. आता घरातलं काही बाहेर न्यायचं नाही, आणि बाहेरचं तिच्यापर्यंत येऊ द्यायचं नाही.' असं म्हणून खाली उतरलं, आन चालत घरी गेलं."

मी त्याला आणखी एक कप चहा दिला. 

म्हणजे उत्तर होतं तर. पलंगावर पडल्या पडल्या तुमच्या तोंडाशी आलं असेल, आणि तुम्ही ते गिळलंत. आयुष्यभर उत्तर दिल्याशिवाय तास न सोडणारा माणूस! मी जे बोलले ते मागं घेत नाही. मला आत पाठवण्याआधी मला विचारायचं होतंत. लोक हसले तर हसले, मी हसण्यानं विरघळले नसते. माझ्या वडिलांचं कुणीतरी एकदा एवढं नीट सांगितलं, याचंच मला त्या दिवशी जास्त वाटलं होतं. ते तुम्हाला कळलंच नाही, कारण तुम्ही विचारलं नाहीत आणि मी सांगितलं नाही. आणि पाणीचोराचं उत्तर मला अजून कुठं सापडत नाही, ते तसंच राहू दे.

माळावर आता पाणी आलंय. उशिरा आलं, पाळीनं येतं. पाइपलाइन तुमच्या चुलतभावांच्या रानातून गेलीय आणि ते बांधावर उभे राहून माझ्या वडिलांसारखंच बोलतात. ऐकायला तुम्ही हवे होता.

आता थोडं राहिलंय. तुम्ही गेल्यापासून भाकरी करताना मी दोन्ही बाजू बोलते. तुमचं बोलताना आवाज जरा जाड काढते. सुनेला पहिल्यांदा वाटलं, सासूबाईंनी रेडिओ लावलाय. आता तिला सवय झालीय. या भांडणात रोज मीच जिंकायची, कारण तुमच्या बाजूला काही उरलेलंच नसायचं. काल तुमची बाजू बोलताना जीपमधलं ते तुमचं वाक्य तोंडात आलं, आणि मी थांबले. पीठ तसंच परातीत राहिलं.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीये, म्हणून लिहिते. काल मी हरले.