गॅरंटी लिहू नकोस

लालबाग, गुरुवार दुपार

प्रिय मानसी,

पाकीट फोडलंस त्याबद्दल आधी आभार. माझं अक्षर ओळखून तू ते तसंच कपाटात टाकून दिलं असतंस तरी मला राग आला नसता. सात वर्षांत आपण एकमेकींना वाढदिवसाचा मेसेजसुद्धा केला नाही, आणि आज एकदम पत्र. व्हॉट्सअॅपवर चार वेळा लिहिलं आणि चार वेळा पुसलं. कागदावर पुसायची सोय नाही, म्हणून कागद घेतला. तुझा पत्ता तुमच्या ठाकूरद्वारच्या शेजारणीकडून मिळवला, तिच्यावर चिडू नकोस. रत्नागिरीला शाळेची लायब्ररी सांभाळतेस म्हणाली. ऐकून बरं वाटलं. तुला पुस्तकांना कव्हरं घालायची लहानपणापासून खोडच होती.

दुकानात बसूनच लिहितेय, मध्ये गिऱ्हाईक आलं की थांबेन, तेव्हा कुठे धागा सुटला तर सांभाळून घे. आम्ही नवराबायको अजून तसेच, हेमचंद्र मागे मोटरचं वाइंडिंग करतोय, मी पुढे काउंटरवर. तेच मिक्सर, त्याच इस्त्र्या, तेच टेबलफॅन. माणसं वस्तू ठेवतात आणि हात काढायच्या आत विचारतात, गॅरंटी आहे ना? मी पाढा म्हटल्यासारखं सांगते, कॉइलची सहा महिने, भांड्याची नाही, पडलं-आपटलं तर अजिबात नाही. दिवसातून वीस वेळा हा शब्द तोंडात येतो. समोरची कोळीण पापलेटाचे कल्ले उघडून ताजा, गॅरंटी म्हणते. आमच्या मजल्यावरचे तात्या दर निवडणुकीत कोण येणार त्याची गॅरंटी देतात आणि दर वेळी तोंडावर पडतात. कुणी त्यांना जाब विचारत नाही. बोलायची रीत आहे, झालं. मीही तशीच एकदा बोलून गेले होते, फक्त ज्याला बोलले तो माणूस शब्दावर विश्वास ठेवणारा निघाला.

आता मुद्द्यावर येते, नाहीतर पान असंच भरेल. माझ्या भावासाठी, हो, सुशांतसाठीच, पुन्हा स्थळ आलंय. फणसवाडीची मुलगी आहे, पूर्वी नाव, छत्तीस वर्षांची, बँकेत आहे. येत्या रविवारी तिचे वडील माझ्याकडे दुकानात येणार आहेत. आपल्याकडची पद्धत तुला सांगायला नको. मुलाला कुणी काही विचारत नाही. त्याला जवळून ओळखणारं एक माणूस गाठायचं, त्याच्याकडे पाणी प्यायचं आणि उठता उठता विचारायचं, काय हो, मुलगा कसा? त्याने मुलाची गॅरंटी माझी असं म्हटलं की पुढे पत्रिका, याद्या, हॉल. तो नुसता खाकरला तरी स्थळ मोडतं. या वेळीही ते माणूस मीच. आई तीन आठवडे माझ्या मागे लागलीय. तुका एक शब्द बोलूक काय जाता, म्हणते. ती आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, गुडघे गेलेत, आणि तिला मरायच्या आधी सुशांतचा संसार बघायचाय. सुशांत काय म्हणतो विचारशील, तर आई म्हणेल तसं, एवढंच म्हणतो. तेव्हाही एवढंच म्हणाला होता. आज गुरुवार आहे आणि मी रविवारी काय बोलणार ते मला ठाऊक नाही. रात्री पाठ टेकते पण डोळा लागत नाही, आणि दिवसा बिलावर तारीख चुकीची घालते.

तुझे नाना तुझ्यासाठी सुशांतची चौकशी करायला आमच्याकडे आले तो दिवस मला जसाच्या तसा आठवतो. दोन हजार बारा, मे महिना. हातात कापडी पिशवी, पिशवीत आमच्यासाठी खारी बिस्किटं. तू आणि मी दादरच्या टायपिंग क्लासपासूनच्या मैत्रिणी, त्यामुळे त्यांना बाहेर कुणाला गाठायची गरजच नव्हती. आईने सरबत दिलं. त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि मला म्हणाले, पोरी, बाकीचे काय सांगतील ते सांगू देत, तू सांग. मी सांगितलं, दारू नाही, तंबाखू नाही, पोरींची भानगड नाही, आवाज चढवून बोलायची सवय नाही, पगार आईच्या हातात देतो. नाना, गॅरंटी माझी. त्यांचा चेहरा असा काही मोकळा झाला की मला स्वतःचाच अभिमान वाटला. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, मानसी. हे मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आलेय.

खरं असूनही मी नानांना फसवलं, कारण एक गोष्ट मी सांगितली नव्हती. ती मला त्याच्या आदल्या वर्षापासून ठाऊक होती. सुशांतने मला वरळीला समुद्राच्या कठड्यावर बसवून सांगितली होती, आणि मी त्याला म्हटलं होतं, असलं काही नसतं, लग्न झालं की डोक्यातून जाईल. मला तू घरात हवी होतीस. हे आज पहिल्यांदा लिहितेय. मी लग्न करून दोन जिने पलीकडे गेले होते आणि मला माझी मैत्रीण माहेरी हवी होती, दिवाळीला करंज्या लाटायला, आईची चहाडी करायला. नानांपुढे शब्द टाकताना त्या हावेपुढे मला दुसरं काही दिसलं नाही. ती गोष्ट काय होती ते लिहायला घेते आणि हात थांबतो. ती माझी नाही, त्याची आहे. त्याच्या परवानगीशिवाय ती तुलासुद्धा सांगायचा मला हक्क आहे की नाही, तेच कळत नाहीय.

मग तुझी ती सहा वर्षं. तू एकदाही तक्रार केली नाहीस. सुशांत तुझ्याशी चांगलं वागायचा, भाजी आणायचा, तुला सर्दी झाली तर वाफ घ्यायला पाणी गरम करायचा, आणि रात्री बाहेरच्या खोलीत झोपायचा. चाळीतल्या बायकांनी दुसऱ्याच वर्षी तुझ्या पोटाकडे बघायला सुरुवात केली. आईने नवस बोलले. कुणीतरी उपास सांगितले, तू तेही केलेस. आणि परळच्या त्या डॉक्टरीणबाईंकडे तुझ्याबरोबर कोण आलं? मी. तुझी पर्स मांडीवर घेऊन बाकावर बसले होते. तू बाहेर आलीस, रिपोर्ट सगळे चांगले आहेत म्हणालीस, आणि बाकावर बसून मला विचारलंस, मग माझ्यात काय कमी आहे गं पद्मा? मी तुझा हात धरला आणि म्हटलं, होईल सगळं नीट, गॅरंटी. दुसऱ्यांदा. त्या दवाखान्याच्या रस्त्याने मी आता जात नाही, वळसा घेते. हेमचंद्रला वाटतं, तिथे फूटपाथ खोदलाय म्हणून.

तू घर सोडून गेलीस तेव्हा सगळ्यांना, जमलं नाही, एवढंच सांगितलंस. कुणावर बोट ठेवलं नाहीस. आईने मात्र ठेवलं, तुझ्यावर, आणि मी भिंतीकडे बघत बसले. पुढच्या उन्हाळ्यात नाना दुकानात आले होते, हे त्यांनी तुला सांगितलं होतं का? जुना टेबलफॅन घेऊन आले. ठाकूरद्वारला दुरुस्तीवाले नाहीत असं थोडंच आहे. मला वाटलं आता विचारतील, दोन शब्द सुनावतील. काही नाही. पाण्याचा ग्लाससुद्धा घेतला नाही. चार दिवसांनी फॅन न्यायला आले तेव्हा मी सवयीने बिलावर सहा महिने गॅरंटी असं लिहायला लागले. त्यांनी माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली आणि म्हणाले, गॅरंटी लिहू नकोस पोरी, नुसतं बिल दे. आवाज अगदी नेहमीसारखा. नाना वारले तेव्हा मी ठाकूरद्वारला आले होते. गल्लीच्या तोंडाशी उभी राहिले आणि वर न येता परत फिरले.

गिऱ्हाईक आलंय. थांबते.

सोमवार, दुपार

चार दिवस हे पत्र वहीखाली पडून होतं. परवा फाडणार होते, बरं झालं नाही फाडलं.

काल ते आले, साडेअकराला. वडील सत्तरीचे, पांढरा शर्ट, खिशात चष्म्याचं घर. बरोबर मुलगीही आली होती. पूर्वी दुकानाच्या पायरीवर उभी राहून लटकवलेल्या पंख्यांकडे बघत होती, जणू पंखाच घ्यायला आलीय. हेमचंद्रने समोरून दोन कटिंग मागवले. इकडच्या-तिकडच्या गप्पा झाल्या आणि मग वडिलांनी कप खाली ठेवला. नानांनी ग्लास ठेवला होता तसाच, अगदी तसाच. ते म्हणाले, ताई, घरच्यांनी सांगायचं ते सांगितलं, आता तुम्ही सांगा. आणि मी म्हटलं, माझा भाऊ आहे, जिवापाड आवडतो, पण लग्नासाठी त्याची गॅरंटी मी देत नाही. त्यांना वाटलं दारू असेल. म्हटलं, थेंब नाही. रागीट? नाही. मग काय, ताई? म्हटलं, त्यापुढचं सांगायचा अधिकार माझा नाही, तुम्ही मला मूर्ख म्हणा, पण मुलगी देऊ नका. ते गोंधळून हेमचंद्रकडे बघायला लागले. मुलगी मात्र पायरीवरून वर आली, माझ्याकडे नीट बघितलं, वडिलांच्या कोपराला धरलं आणि म्हणाली, चला बाबा, ताईंनी सांगितलंय. जाताना मान हलवून गेली. मला नंतर उलटी करून टाकल्यावर वाटतं तसं हलकं वाटलं.

संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्याला कळलं. आई माझ्याशी बोलत नाही. सख्ख्या भैणीन भावाचा वाटोळा केल्यान, असं शेजारच्या दारात बसून मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने सांगत होती. सांगू दे. मला धास्ती होती ती सुशांतची. तो आज सकाळी ऑफिसला न जाता दुकानात आला. स्टुलावर बसला, मिक्सरचा एक तुटलेला कपलर हातात घेऊन फिरवत राहिला, अर्धा तास. मग म्हणाला, बरं केलंस ताई. दुसऱ्यांदा तसं करायची माझ्यात ताकद नव्हती आणि नाही म्हणायचीही नव्हती. आणि रडला गं, एक्केचाळीस वर्षांचा माणूस, मिक्सरच्या भांड्यांमध्ये बसून. हेमचंद्रने शटर अर्धं खाली ओढलं. डोळे पुसून झाल्यावर सुशांतने मला एकच काम सांगितलं. मानसीला सांग, म्हणाला. सगळं सांग, नाव घेऊन सांग. माझ्यात तिच्यासमोर उभं राहायचं धैर्य नाही, पण तिने यापुढे एक दिवसही चुकीचं समजत राहू नये.

म्हणून आता सांगते. सुशांतला बायकांची ओढ नाही, कधीच नव्हती. वरळीच्या कठड्यावर त्याने मला सांगितलं होतं की त्याचं लॅन्सवर प्रेम आहे. तोच त्याच्या ऑफिसातला लॅन्स, तुमच्या लग्नात सगळ्यांना पान वाटत फिरणारा, जो नंतर कॅनडाला निघून गेला. सुशांतमध्ये काही बिघडलेलं नाही, हे समजायला मला चौदा वर्षं लागली. त्याचं ऐकून मी गप्प बसले, आईच्या धाकाने तो गप्प बसला, आणि आम्हा दोघांच्या गप्प बसण्याची शिक्षा तू भोगलीस. माफी मागत नाही, मागायला तोंड नाही. उत्तर पाठवलंच पाहिजे असंही नाही. पण परळच्या त्या बाकावर तू मला एक प्रश्न विचारला होतास. काही कमी नाही, मानसी. तुझ्यात काहीही कमी नव्हतं. आणि मला ते तेव्हाही माहीत होतं.

अजूनही म्हणू देशील तर तुझीच,
पद्मा