वरचा मासा आणि उलटं झाड

कुमासी, शनिवार

माझ्या धाकट्या अच्यामास थोरल्या बहिणीचा पोटभर आशीर्वाद. गुडघा वाकतो का? जावई बोलायला लागला, की अजून फुगलेलाच? इकडे सगळं छान. पत्र माझं मीच लिहिते आहे, अक्षरं वाकडी दिसली तर मान वाकडी करून वाच.

आपली पोकुआ (माझी नात गं, तुझी मांडी ओली करायची ती) कॉम्प्युटरात झाड लावते. हसू नकोस, पगार मिळतो. बाजारातल्या कुणाला किती कर पडेल, ते त्या झाडाने सांगायचं. झाड उलटं आहे, मूळ वर आणि पानं खाली. मी म्हटलं, अगं, पडेल ना! तर म्हणे, "आजी, हे निर्णयाचं झाड. प्रश्न विचारतं. हो म्हटलं की या फांदीवर, नाही म्हटलं की त्या, आणि शेवटच्या पानावर कर." पाणी नको, खत नको. मला मेलीला काही कळलं नाही, पण काल ते साहेबांना चालवून दाखवायचं होतं. चाललं तर नोकरी कायम, नाही तर पोरगी घरी.

साहेब म्हणाले होते, खरा दुकानदार आणा. म्हणून मीच गेले, नवं कापड नेसून (तू दिलेलं नव्हे, ते आटलं). झाडाने विचारलं, मासे विकता? हो. धुरी दिलेले? हो. काही फुकट देता? हो तर! डझनावर एक वर दिला नाही तर बाजारात तोंड कसं दाखवू? मग विचारतं, घेणारे घरचे आहेत? आता आपली रोजची गिऱ्हाईक एसी, तिची तिन्ही बाळंतपणं मी केली, तिला परकी कशी म्हणू? आणि बाकीच्या तरी कुठे परक्या? दाबलं हो. लगेच पानावर आलं: घेणारे सगळे घरचे, हा धंदाच नव्हे, कर शून्य. काय गुणाचं झाड! मी तिथेच थोडी नाचले. पोकुआने डोकं धरलं.

साहेब (ओफोरी म्हणून आहेत, माणूस बरा पण फार बारीक) म्हणाले, "आई, एसी पुन्हा यावी म्हणूनच वरचा मासा देता ना? मग तो धंदाच."

"ती आली नाही तर दुकान टाकून बघायला जाते मी, आजारी आहे का म्हणून. तोही धंदा का रे बाबा?"

पलीकडच्या टेबलावरची बाई म्हणाली, "आईंचं बरोबर आहे." तिच्या शेजारचा कारकून उसळला, "बरोबर कसं? माझी मावशी फक्त नव्या गिऱ्हाइकाला वर देते, जुन्याला शिव्या!" अशी जुंपली म्हणतेस! सगळ्यांचं जेवण गार झालं. साहेबांनी स्वतः नव्या फांद्या काढल्या आणि त्यांतच अडकले. तो मासा मी विकला, दिला की घरी खाल्ला, हे मला अजून समजलेलं नाही, त्यांनाही नाही. शेवटी घाम पुसत म्हणाले, "या वरच्या माशाचं कोडं सुटेपर्यंत पोकुआ इथून हलणार नाही." म्हणजे नोकरी राहिली गं! मी सगळ्यांना मासे वाटले. फुकट.

तुझी,
कोनाडू

ता. क. पण मासा सुटला तर? म्हणून मी साहेबांना सांगून आले की टेचिमानला माझी बहीण टोमॅटो विकते, तिची वर द्यायची रीत अगदीच निराळी. पुढल्या बुधवारी त्यांनी तुला बोलावलं आहे. ये, आणि चांगला गोंधळ घालून जा.

आणखी एक. जन्मात तू कुणाला एक टोमॅटो वर दिलेला नाहीस, हे मला ठाऊक आहे. पत्र मिळताच द्यायला लाग.