छप्पन मतं खिशात

३ एप्रिल २०१६, रविवार
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात.
माळरान रेडिओच्या संचालक मंडळाची निवडणूक लागली. आमच्या गावाला एक जागा. उभं राहायचं ठरवलं, म्हणजे लोकांनी लई गळ घातली. लोक म्हणजे शहादेव, आमच्या सोसायटीचा जुना शिपाई. सोसायटीचं चेअरमनपद जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून पारावर गेलं तर कुणी सरकून जागासुद्धा देत नाही. आता बघतो एकेकाला.
रेडिओ श्रोत्यांच्या ज्वारीवर चालतो. वर्षाला पायलीभर घातली की माणूस सभासद. दुष्काळात बायकोनं दोघांच्या नावानं दोन पायल्या घातल्या, म्हणून मागं मी तिच्यावर तणतणलो होतो. त्याच ज्वारीवर आज उमेदवार झालो. दूरदृष्टी आमच्या घरातच आहे.

५ एप्रिल
विरोधात सरूबाई साळवे. टँकर आला की ही बाई विहिरीवरून रेडिओला फोन लावते. मग रेडिओ सांगतो, कुठल्या गल्लीनं घागरी घेऊन निघायचं. बस, एवढंच काम. याला काय पब्लिक सर्व्हिस म्हणतात?
माझा अजेंडा तयार. सकाळी सहा ते सात भाषण : ‘सहकारातली माझी तीस वर्षं’. टँकरचं सातनंतर सांगा. पाणी काय पळून चाललंय?

८ एप्रिल, पाडवा
रेडिओच्या अंजनाताई नियमांचा कागद देऊन गेल्या. दोन पानं! इतक्या निवडणुका जिंकल्या (शेवटची सोडून), आता मला नियम शिकवणार. बाजेचा एक पाय डुगडुगत होता, त्याखाली कागदाची घडी घातली. बाज एकदम पक्की.

१२ एप्रिल
बायको म्हणाली, जरा रेडिओ लावा की, मतदानाचं रोज सांगायलेत. म्हटलं, उमेदवारानं रेडिओ ऐकायचा नसतो, रेडिओवर बोलायचं असतं. ती घागर घेऊन बाहेर गेली. पटलं असावं.
तरी संकल्प : उद्यापासून रोज एक तास रेडिओ.

१३ एप्रिल
उन्हामुळं जमलं नाही.

१७ एप्रिल
आज प्लॅन फायनल. सहल! सोसायटीच्या निवडणुकीत हेच करायचो. मतदार मोकळा सोडला की फुटतो. आधीच गाडीत घालायचा, देवदर्शन करायचं, पोटभर जेवू घालायचं, आणि मतदानाच्या दिवशी थेट पेटीपुढं उतरवायचा. सरूबाईच्या स्वप्नातही हे येणार नाही.
माजलगावचं धरण दाखवणार होतो. शहादेव म्हणला, नाना, धरणात काय बघायचं, गाळ? मग अंबाजोगाई ठरली.
बायको येत नाही म्हणाली. म्हणे, घागरी कोण भरणार? बाकीच्या बायकांचंही तेच. असू दे. पुरुषच पुरेत.

२३ एप्रिल, शनिवार. मु. अंबाजोगाई
चार क्रुझर, गावातल्या एकशे तीन सभासदांपैकी छप्पन मतं! निकाल खिशात. योगेश्वरीचं दर्शन झालं. मुक्काम मंगल कार्यालयात. शेजारच्या मोहनरावांनी सात गुलाबजाम खाल्ले आणि म्हणले, नाना, तुमी संचालक व्हायलाच पायजे. जनमत स्पष्ट आहे.

२४ एप्रिल, दुपारी तीन
इथल्या बोअरला पाणी आहे, त्यामुळं कुणी निघायलाच तयार नाही. मोहनराव तिसऱ्यांदा आंघोळीला गेले. हरकत नाही. मतदान आजच आहे, पण सहापर्यंत असतंच. उशिरा एन्ट्रीचा इफेक्ट वेगळाच.

सायंकाळी सात
धारूरचा घाट उतरेपर्यंत क्रुझरच्या रेडिओत नुसती खरखर. खाली आलो आणि अंजनाताईंचा आवाज लागला. मतदान संपलं म्हणल्या. चार वाजता रेडिओवर आजचा शब्द सांगितला होता. अर्ध्या तासात फोन करून तो शब्द आणि आपलं मत सांगायचं होतं. जो ऐकतो, त्याचंच मत. सरूबाई अडतीस. अर्जुनराव एक.
अर्जुनराव म्हणजे मी.
गाडीत विचारलं, हा नियम तुम्हाला माहीत होता? म्हणले, व्हता की, रोज सांगत व्हते. मग बोलला का न्हाईत? मोहनराव म्हणले, आमाला वाटलं, नानांनी कायतरी सेटिंग केली असंल.
माझं स्वतःचं मतही राहिलं.
घरी येऊन बाजेखालचा कागद काढला. पहिल्याच ओळीत होतं. बाज पुन्हा डुगडुगते आहे.

२५ एप्रिल
ते एक मत. बायकोचंच, दुसरं कोण देणार? मला भरून आलं. तीस वर्षांत तिला कधी कशात विचारलं नाही, तरी तिनं लाज राखली. तसं तिला बोलून दाखवलं.
ती म्हणाली, मी सरूबाईला दिलं. सकाळचं टँकरचं कोण सांगणार? तुमचं भाषण काय रांजणात भरून ठिवू?
लई वाईट वाटलं. सकाळी जेवलो नाही. दुपारी जेवलो.

२६ एप्रिल, सकाळ
सहाला रेडिओ लावला. पहिल्यांदाच. सरूबाईचाच आवाज : टँकर आलाय, पाराजवळची गल्ली निघा. ती आमचीच. बायकोनं माझ्या हातात घागर दिली. म्हणाली, तुमी आता मोकळेच की.
रांगेत सरूबाई भेटली. मी तोंड चुकवत होतो, तिनंच हाक मारली. म्हणाली, नाना, ते मत माझं हाय. सोताला मत द्यायला कसंतरीच वाटलं. अन् तुमी एवढं गाव घेऊन गेलता, भोपळा मिळाला असता तर बरं दिसलं नसतं.
मग रांगेत उभ्या उभ्या विचार केला. म्हणजे मी साक्षात विरोधी उमेदवाराचं मत फोडलं! तीस वर्षांत आमच्या भागात हे कुणाला जमलं नव्हतं. शहादेव मागंच उभा होता, त्याला सगळं नीट समजावून सांगितलं.
तो म्हणला, नाना, घागर म्होरं सरकवा.