चूक कोणाची, याचं सातवं चित्र

आदरणीय भाऊजींना,

लांबूनच नमस्कार (जवळ येऊन वाकून करायची सध्या हिंमत नाही). हे पत्र मी नऊ दिवसांपूर्वी लिहायला घेतलं होतं, हे आधीच कबूल करतो. पहिल्या दिवशी पेन सापडलं नाही, दुसऱ्या दिवशी पेन सापडलं पण शब्द सापडेनात, तिसऱ्या दिवशी दोन्ही होतं तर बाहेर इतकं छान ऊन पडलं की असा दिवस टेबलाशी कोण घालवतो? तुमची पाठ कशी आहे? क्वार्टरच्या नळाला पाणी येतं का? नवा साहेब तिरसट आहे म्हणाला होतात, तो निवळला का? गाडी खुशाल आहे. म्हणजे मागून पाहिली तर अगदी जशीच्या तशी आहे.

तुम्ही बदलीच्या गावी एकटे, ताई मुलांच्या परीक्षेपर्यंत जुन्या घरी, म्हणून गाडी दोन दिवसांत तुमच्याकडे आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं. ताई म्हणत होती, याच्या हातात सायकलचीसुद्धा किल्ली देऊ नका. तुम्ही फोनवर म्हणालात, "अगं, एकदा विश्वास टाकून तर बघू." ते वाक्य मला पाठ आहे, आणि तुमचं दुसरंही वाक्य पाठ आहे: "अकरा वर्षं झाली, विम्याचा एक दावा नाही." (लग्नाच्या वाढदिवसालाही तुम्ही उभं राहून हेच बोललात. ताईला वाटलं होतं तिच्याबद्दल बोलाल.) तेव्हा मला काही झालं तरी चालेल, पण ती अकरा वर्षं धडधाकट तुमच्या दारात उभी करायची, एवढं मी मनाशी ठरवून निघालो.

आता मी वाटेतल्या या गावात येऊन अडकलोच कशाला? तर हमरस्त्यावरून एक पूल दिसला, त्याच्या खाली नदी नव्हती. बिननदीचा पूल बांधतं कोण, एवढंच विचारून परत फिरणार होतो. (नदी सरकली म्हणे. नदीला मोकळीक आहे, मेव्हण्याला नाही.) परतताना एक चौक लागला. सिग्नल नाही, पोलीस नाही. डावीकडून एक पांढरी जुनी गाडी आली आणि थांबली. मीही थांबलो. मी हात हलवला. त्यांनी हात हलवला. मी आणखी जोरात हलवला. त्यांनी मान लववली. मग मला वाटलं ते थांबलेत, त्यांना वाटलं मी थांबलोय, आणि दोघंही एकदमच निघालो. टक्कर म्हणावी असं काही नाही. दोन म्हशी गोठ्याच्या दारात एकमेकींना घासतात, तेवढंच. तुमचा डावा दिवा आणि त्यांचा उजवा, दोन्ही गेले.

त्या गाडीतून उतरले ते शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे मास्तर. उतरल्या उतरल्या म्हणाले, "चूक माझी." मीही त्याच दमात म्हणालो, "चूक माझी." (चार नोकऱ्यांत मिळून एवढीच एक विद्या मिळवली आहे: आधी माफी मागितली की लोक लवकर घरी सोडतात.) बोलून झाल्यावर तुमची अकरा वर्षं आठवली. मी शब्द मागे घ्यायला गेलो, तर मास्तर म्हणाले, "वा, चूक कबूल करणारी मुलं आता राहिली नाहीत." आता सांगा, इतकं कौतुक झाल्यावर माणूस कुठल्या तोंडानं खोटं, म्हणजे खरं, बोलणार?

दोन्ही गाड्यांचा विमा एकाच कंपनीचा निघाला, म्हणून सर्व्हेअरही एकच आला. स्कूटरवरून उतरला, मास्तरांना पाहिलं आणि हेल्मेट न काढताच हात बांधून उभा राहिला. मास्तरांचा जुना विद्यार्थी! नववीत चित्रकलेत दोनदा गटांगळ्या खाल्लेला. त्याची अडचण अशी की फॉर्मवर चूक एकाच गाडीची लिहायला जागा आहे. ज्याची चूक त्याच्या विम्यावर दावा, आणि त्याची बिनदाव्याची सगळी वर्षं पाण्यात. तो मला हळूच म्हणाला, "बावीस वर्षं नोकरी झाली. चूक नको म्हणणारे रोज भेटतात. चुकीसाठी भांडणारे तुम्ही पहिलेच."

शेवटी ठरलं की अपघाताचं चित्र काढायचं, दोघांनी खाली सही करायची, आणि चित्रावरून काय ते ठरवायचं. भाऊजी, तिथंच घात झाला. सर्व्हेअरनं दोन चौकोन काढले, एक बाण काढला आणि कागद सहीला पुढं केला. मास्तरांनी चष्मा लावला. "या गाड्या आहेत की साबणाच्या वड्या? चाकं कुठायत? परत काढून आण." दुसऱ्या दिवशी चाकं आली, तर सावल्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी सावल्या आल्या, पण उन्हाच्याच दिशेला. चौथ्या दिवशी कोपऱ्यातलं झाड गाडीपेक्षा लहान निघालं. सर्व्हेअर रोज संध्याकाळी कागदाची सुरळी घेऊन येतो, पायरीवर चपला काढतो, लाल पेन्सिलीच्या खुणा पाहतो आणि हिरमुसून जातो. परवा त्याची बायको सोबत आली होती. म्हणाली, "सर, पास करा हो यांना, घरी जेवत नाहीत."

मी मास्तरांच्याच बाहेरच्या खोलीत राहतोय. सहाव्या चित्रात गाड्या बऱ्या आल्या होत्या, पण काचेतला माझा हात केळ्याच्या घडासारखा. म्हणून काल मला गाडीत बसवून दोन तास हात हलवायला लावला. मास्तर बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आधी तुम्ही जा, असं सांगताना कोणी इतक्या घाईनं हात हलवत नाही रे." मी म्हटलं, आमच्या घरी असाच हलवतात.

काळजी नसावी. पाठीला शेक घ्या.

तुमचा विश्वासू (हा शब्द पत्राच्या शेवटी लिहितातच, त्याचा वेगळा अर्थ काढू नये),
मेव्हणा

ता.क. खरं काम राहिलंच. गाडीच्या मालकाचं निवेदन हवंय. एवढंच लिहा की, "माझा मेव्हणा जन्मापासून इतका सभ्य आहे की समोर कोणी दिसलं की हात हलवून आधी त्याला वाट देतो." म्हणजे वाट मी दिली होती, घुसले मास्तर, आणि तुमची अकरा वर्षं शाबूत. मास्तरांची ना नाही. त्यांना चूक हवीच आहे. ताईला मात्र यातलं अक्षर कळू देऊ नका.

आणखी ता.क. तुमच्याशी खोटं बोलवत नाही. गाडीत गांधीलमाशी शिरली होती. मी तिला हाकलत होतो. मास्तर मला दिसले ते दिवा फुटल्यावर. तरी निवेदन पाठवाच.

शेवटचं ता.क. घात झाला! गाडीच्या कागदांवरचा पत्ता पाहून मास्तरांनी पहिल्याच दिवशी जुन्या घरी पत्र टाकलं होतं ("मालकाला कळवणं माझं कर्तव्य"), आणि आत्ता या क्षणी फाटकातून ताई आत आली आहे. सर्व्हेअर सातवं चित्र घेऊन पुढं झाला. तिनं चित्र पाहिलं नाही, गाडी पाहिली नाही, मला विचारलं नाही. म्हणाली, "चूक माझ्या भावाची. लिहा." तो म्हणाला, "बाई, काय झालं ते तरी ऐका." "ते नंतर ऐकते. आधी लिहा." तो चाचरत म्हणाला, "पण मग तुमच्या मिस्टरांची अकरा वर्षं जातील हो!" ताई म्हणाली, "जाऊ द्या. अकरा वर्षं ऐकतेय मी ते."

त्यानं लिहिलंसुद्धा, भाऊजी. किल्ली तिनं घेतली. गाडी तीच आणतेय. मी बसनं येतो. किंवा बघू.